डायरीत न लिहिलेला ताप

मला एका जागी बसवत नाही. हे आजारपणामुळे आलेलं नाही, मूळचंच आहे. वीस वर्षं चाकणच्या एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला काढली, सगळी उभ्याने. ब्रेकला लागणारा एक छोटा पार्ट हातात घ्यायचा, मापाच्या गेजमध्ये घालायचा, ओके किंवा रिजेक्ट. आताही हे लिहिताना दर चार ओळींनी उठून स्वयंपाकघरात जाऊन येतेय. माझा नवरा मिलिंद विचारतो, "काय शोधतेयस?" काही शोधत नाहीये रे बाबा. लिहायचंय ते लिहवत नाहीये, एवढंच.

लिहिते अशासाठी की नव्या उपचाराच्या ट्रायलमध्ये जाणाऱ्याला शहाणपण सांगणारे ढीगभर भेटतात. डॉक्टर असतात, कागद असतात, व्हॉट्सॲप तर असतंच. पण मी केली तशी चूक कुणी सांगत नाही, कारण ती करणारे गप्प बसतात. मीही गप्पच बसणार होते.

*

कंपनीत दरवर्षी मेडिकल चेकअप असतं. वजन, बीपी, डोळे, जा. त्या वर्षी आलेल्या डॉक्टरांनी माझ्या मानेवर बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही. "हे किती दिवस आहे?" म्हणाले. मी म्हटलं, काय हे? मला ठाऊकच नव्हतं. दिवसाला हजारो पीस तपासणारी बाई मी, आणि स्वतःच्या मानेवरची गाठ माझ्या हाताला लागली नव्हती.

पुढे तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट आला, लिम्फोमा. म्हणजे गाठींचा कॅन्सर. पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर मॅडम समोर बसून नीट, हळूहळू सांगत होत्या, आणि मला फक्त त्यांच्या टेबलावरच्या डब्यातली पेनं दिसत होती. मिलिंद हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग हिने ड्यूटीला कधीपासून जायचं?" मॅडम त्याच्याकडे बघतच राहिल्या. मला त्याचा इतका राग आला की रडायचंच राहून गेलं. खाली पार्किंगमध्ये आलो तर गाडीचं दार उघडून तोच धाय मोकलून रडला. मग मी त्याची समजूत घालत बसले.

केमोचं मी फार लिहीत नाही. केस गेले, चव गेली, पोळीचा वास आला तरी ढवळायचं. माझी लेक सायली तेव्हा दहावीत होती, तिने गुपचूप वरण-भात करायला शिकून घेतलं. सहा महिन्यांनी बरी झाले, डोक्याला रुमाल बांधून कामावर गेले. लाइनवरच्या पोरींनी पेढे वाटले. आणि वर्ष-दीड वर्षात, सायली बारावीत असताना, त्याच जागी पुन्हा गाठ. या वेळी माझ्याच हाताला लागली, आंघोळ करताना. मी अर्धा तास बाहेरच आले नाही.

*

मॅडम म्हणाल्या, नेहमीची औषधं आता फारशी चालायची नाहीत. एक ट्रायल आहे. तुमच्याच रक्तातल्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यात बदल करायचा, म्हणजे त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवायचं, आणि परत तुम्हालाच द्यायच्या. आधी तिघांना कमी मात्रा देणार. तिसऱ्याचे अठ्ठावीस दिवस नीट गेले, की एक समिती सगळ्या नोंदी बघणार आणि मगच चौथ्याला जास्त मात्रा.

"मी कितवी?" मी विचारलं.

"तिसऱ्या."

हे मला झटकन कळलं. आमच्याकडेही नवीन पार्ट आला की पहिले काही पीस कसून तपासतात, ते ओके झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. म्हटलं, म्हणजे आपण सॅम्पल. मिलिंद म्हणाला, "असं काय बोलतेस?" पण मला त्यात वाईट काही वाटलं नाही. निदान शब्द ओळखीचा होता.

कागद घरी वाचायला दिले, एकतीस पानं, मराठीत. माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले, युनियनमध्ये उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. कोणताही कागद असो, ते पेन्सिल घेऊन बसणार. दोन दिवस आमच्या चिंचवडच्या घरी मुक्काम ठोकून त्यांनी एकेक पान मोठ्याने वाचलं. मी आपली गॅलरी ते दार, दार ते गॅलरी.

"वैशाली, बस की जरा. हे बघ, पान अकरा. उरलेल्या पेशी कंपनी ठेवून घेणार, पुढच्या संशोधनाला वापरणार. तुला चालतंय का? नको असलं तर इथं खूण करायची."

"बाबा, मला जगायचंय. पेशी ठेवा नाहीतर लोणचं घाला."

"असं नाही, बाळा. अंग तुझं आहे. आणि हे बघ, पंधरा वर्षं तुझी खबर घेणार म्हणतात."

"म्हणजे पंधरा वर्षं जगणार मी. करा सही."

बाबांनी मान हलवली आणि पुढचं पान वाचायला घेतलं. सोळाव्या का सतराव्या पानावर ते काहीतरी दोनदा वाचत होते, तेव्हा मी कुकर लावायला उठून गेले. त्या पानावर काय होतं ते मला फार उशिरा कळलं.

सही करायच्या दिवशी कॅमेरा लावला होता. ट्रायलची सगळी धावपळ बघणारी स्नेहल म्हणून एक मुलगी आहे, को-ऑर्डिनेटर, तिने स्टँड नीट केला. मॅडमनी विचारायचं, मी माझ्या शब्दांत सांगायचं, म्हणजे पुढे कुणी म्हणायला नको की बाईला न समजता अंगठा घेतला. धोके समजले का? समजले. ताप येऊ शकतो, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. कधीही बाहेर पडता येईल हे समजलं का? समजलं. मी धडाधड उत्तरं दिली. खरं सांगायचं तर मला काहीही समजलं नव्हतं, फक्त हो म्हणायचं ठरलं होतं. कॅमेऱ्यात तो फरक दिसत नाही.

*

पेशी काढायला गेले त्या दिवशी बाहेरच्या बाकावर पुष्पाताई भेटल्या. मूळच्या लातूरकडच्या, पंधरा वर्षं झाली इकडे येऊन. मारुंजीत आयटीतल्या पोरापोरींचे डबे करतात. गोल चेहरा, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि मानेला उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. त्याच चौथ्या होत्या.

"तुमचं झालं की माझं," त्या म्हणाल्या. "लवकर बऱ्या व्हा ताई, मागं लाइन लागलीया."

"मला काही झालं तर?"

"काही होत न्हाई. मी रोज इचारणार स्नेहलला, पुढचं गिऱ्हाईक कसं हाय म्हणून."

आम्ही दोघी एवढ्या हसलो की नर्स बाहेर येऊन बघून गेली. फोन नंबर घेतले. डबेवाली बाई आणि इन्स्पेक्शनवाली बाई, दोघींना माणसं जोखायची सवय, त्यामुळे जमलं पटकन.

पेशी तयार होऊन यायला बरेच दिवस लागले. मग हॉस्पिटलात दाखल केलं. एक एवढीशी पिशवी आली, वरणाच्या वाटीत मावेल एवढी. दोन नर्सनी माझं नाव, जन्मतारीख, पिशवीवरचा नंबर आळीपाळीने मोठ्याने वाचला. मी म्हटलं, मलाही दाखवा. मी स्वतः एकेक आकडा लावून बघितला आणि "ओके" म्हणाले. तेवढा एक क्षण मी पेशंट नव्हते.

मग रोजचं चक्र. पहाटे रक्त, तासातासाला थर्मामीटर, आणि दिवसातून दोनदा एक वाक्य लिहायचं. एकच वाक्य, रोज तेच. माझं होतं, 'मी चिंचवडला राहते आणि मला चहा आवडतो.' पेशींचा परिणाम मेंदूवर झाला तर सगळ्यात आधी अक्षर बिघडतं म्हणे. मग नर्स विचारणार, आज वार कोणता, शंभरातून दहा-दहा वजा करा. मला शाळेत असल्यासारखं वाटायचं आणि चिडचिड व्हायची. खोलीत आठ पावलं लांब आणि पाच रुंद, तेवढ्यात मी सलाइनचा स्टँड घेऊन फिरायचे. नर्स म्हणायच्या, "आजी लोक पण तुमच्यापेक्षा शांत असतात हो."

चौथ्या दिवशी थोडा ताप आला, औषधाने उतरला. बाराव्या दिवशी घरी सोडलं. स्नेहलने एक डायरी हातात दिली. रोज चार वेळा ताप बघून लिहायचा, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्री. खाली काही त्रास असेल तर खूण. आणि ते वाक्य. "शंभरच्या वर गेला तर लगेच फोन, कितीही वाजलेले असोत," ती म्हणाली. मी हो म्हटलं.

*

आता मुद्द्याचं. शॉप फ्लोअरवर दर तासाला एक पीस मोजून आकडा चेकशीटमध्ये लिहायचा असतो. नियम तसाच आहे. पण लाइन धावत असताना दर तासाला कोण थांबणार? लोक शिफ्टच्या शेवटी बसून आठही रकाने भरतात. काही तर सुरुवातीलाच भरून मोकळे होतात. आकडे एकसारखे लिहायचे नाहीत, थोडे वर, थोडे खाली. आणि पेनं दोन ठेवायची, एक काळं, एक निळं. म्हणजे वेगवेगळ्या वेळी लिहिल्यासारखं वाटतं. ऑडिट असलं की सगळे हेच करतात आणि सगळ्यांना ते ठाऊक असतं. पीस चांगलेच असतात, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. मलाही कधी वाटलं नाही.

घरी आल्यावर तीन दिवस मी इमानदारीत ताप बघितला. साडेअठ्ठ्याण्णव, अठ्ठ्याण्णव. चौथ्या दिवसापासून सकाळीच चारही रकाने भरायला लागले. दोन पेनांनी. वाक्यसुद्धा सकाळीच, झकास अक्षरात. सायलीची बारावीची प्रॅक्टिकल्स चालू होती, तिचे कपडे, डबा, स्वयंपाकघर, मला पुन्हा आई असल्यासारखं वाटत होतं. थर्मामीटर तोंडात धरून पुतळ्यासारखं कोण बसणार?

मंगळवारी संध्याकाळी अंगात थंडी भरली. थर्मामीटर लावला, एकशे एकच्या जवळ. डायरी उघडली, तर संध्याकाळच्या रकान्यात माझ्याच हाताने लिहिलेलं, ९८.६. निळ्या पेनाने. मी त्या आकड्याकडे किती वेळ बघत होते कोण जाणे. तो खोडायचा म्हणजे आधी काय केलं ते सांगायचं. आणि सांगितलं तर ट्रायलमधून काढतील, आणि काढलं तर पुढे माझ्याकडे कुठलंच औषध नाही. शिवाय ताप म्हणजे परत हॉस्पिटल, मिलिंद तिथे अडकणार, आणि सायलीचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल परवा. पॅरासिटामॉल घेतली, उतरला. डायरीत ताप नव्हता, म्हणजे ताप नव्हता. वीस वर्षं कागद खरा मानला, त्या दिवशीही मानला.

बुधवारी तेच. बुधवारचं मला नीट आठवतही नाही. सायली म्हणते, मी तिला तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारला आणि ती चिडून निघून गेली.

गुरुवारी सकाळी सात वाजता मिलिंद नाइट करून आला तेव्हा मी गॅसपुढे लायटर घेऊन उभी होते. दूध उतू गेलं होतं आणि मी लायटर तसाच दाबत होते. त्याने हाक मारली. मी वळले आणि मला त्याचं नाव आठवेना. चेहरा माझ्या माणसाचा आहे हे कळत होतं, नाव नव्हतं. अंग तापलेलं. त्याने फोन करायला डायरी उघडली, नंबर तिच्यावरच होता, आणि त्याला ते पान दिसलं.

"वैशू, हे रात्री नऊचं आहे," तो म्हणाला. "आत्ता सकाळचे सात वाजलेत."

*

दोन तासांत हॉस्पिटलात पोचलो. औषधं दिली, पाच दिवस ठेवलं, हळूहळू डोकं ठिकाणावर आलं. दाखल करताना तिथल्या ज्युनिअर डॉक्टरने मिलिंदला विचारलं होतं, "ताप कधीपासून?" आणि मिलिंद म्हणाला होता, "आज सकाळपासून." गुरुवारच्या रकान्यांवर त्याने काट मारली होती, चुकून पुढच्या वेळेचं लिहिलं गेलं असं सांगून. मंगळवार-बुधवार तसेच राहिले, नीटनेटके, दोन रंगांत. फाइलमध्ये चित्र असं उमटलं की बाईला ताप आला, लगेच आणली, लगेच बरी झाली. छान.

त्याने मला वाचवायला केलं, हे मला कळतं. त्याला वाटलं, दोष आपला निघाला तर हे लोक हात झटकतील. मी घरी आल्यावर दोघांनीही त्या विषयावर एक अक्षर काढलं नाही. माझा स्कॅन झाला. गाठी विरघळल्या होत्या. मॅडम चक्क हसल्या. मिलिंद पार्किंगमध्ये परत रडला, या वेळी मीही.

त्याच संध्याकाळी पुष्पाताईंचा फोन. "ताई, लई भारी झालं बघा! स्नेहल म्हणली तुमचे अठ्ठावीस दिवस झाले. पुढच्या हप्त्यात समिती बसणार, मग माझा नंबर. मोठा डोस हाय माझा, तुमच्याहून जास्त."

फोन ठेवला आणि घरभर फिरत राहिले. कमी मात्रेवर मी दोन दिवस घरात भ्रमिष्टासारखी होते आणि कुणाला कळलं नव्हतं. कागदावर ते दोन दिवस नव्हतेच. त्या कागदावरून समिती म्हणणार, चला, पुढच्या बाईला जास्त द्या. आणि पुष्पाताईही बाराव्या दिवशी घरी जाणार, मारुंजीत, नवरा दिवसभर डबे पोचवायला बाहेर. त्यांचं दूध उतू गेलं तर बघायला सात वाजता कोण येणार होतं?

मिलिंदला सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. बरी झालीस ना? तुला काढून टाकलं, परत आलं ते, तर कुठे जाऊ मी तुला घेऊन?"

"आणि पुष्पाताई?"

"त्यांना डॉक्टर आहेत."

"डॉक्टरांकडे माझी डायरी आहे, मिलिंद. खोटी."

"मग मी काय करू? तुझ्यासाठी खोटं बोललो मी. तू मला उघडं पाडणार?"

एवढ्या वर्षांत आम्ही इतकं वाईट भांडलो नव्हतो. सायलीने खोलीचं दार लावून घेतलं. तीन दिवस आम्ही घरात फक्त मीठ दे, पाणी दे, एवढंच बोललो. शेवटी मी बाबांना फोन केला. वाटलं होतं, ते भाषण देतील. त्यांनी फक्त विचारलं, "ते एकतीस पानांचं कुठं आहे? पान सतरा काढ."

काढलं. त्यात लिहिलं होतं की पेशी एकदा दिल्या की सहभागी व्यक्तीवरचे उपचार आणि देखरेख कोणत्याही कारणाने थांबवली जाणार नाही. बाबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघही मारली होती. "तेव्हा दोनदा वाचलं होतं मी तुझ्यासाठी," ते म्हणाले, "तू कुकर लावत होतीस." ज्या भीतीपोटी मी ताप लपवला, नवऱ्याला खोटं बोलायला लावलं, ती भीतीच खोटी होती. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

*

हॉस्पिटलात माझं सगळं ऐकताना स्नेहल पांढरी पडली. तिने आधी दार लावलं. मॅडम आल्या, खुर्ची ओढून समोर बसल्या. मी तयारीत होते, ओरडतील म्हणून. त्या म्हणाल्या, "मंगळवारी किती वाजता? आठवून सांगा." मग दीड तास प्रश्न. दोन पेनांचंही सांगितलं. त्या लिहिता लिहिता थांबल्या आणि म्हणाल्या, "आम्ही डायरी देतो आणि गृहीत धरतो की लोक ती भरतील. तुम्ही लोक कसे भरता, हे आम्ही कधी विचारलंच नाही." त्यांनी मला माफ केलं असं नाही. चेहरा कडकच होता. मिलिंदचा जबाबही घेतला. तो मान खाली घालून बसला होता, बाहेर आल्यावर म्हणाला, "सुटलो." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

पण गोष्ट इथे संपली नाही. माझं सांगून झालं आणि मन हलकं झालं, असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. समितीने ट्रायल थांबवली. सगळ्यांच्या नोंदी परत तपासायच्या, सरकारी कार्यालयाला कळवायचं, घरी सोडण्याचे नियम बदलायचे, कागद नव्याने मंजूर करून घ्यायचे. पुष्पाताईंच्या पेशी तयार होऊन गोठवून ठेवलेल्या, आणि त्या स्वतः वाट बघत.

पहिल्या आठवड्यात त्यांनी फोन केला. स्नेहलने कुणाचं नाव घेतलं नव्हतं, घेणारही नाही. मीच सांगितलं, माझ्यामुळे थांबलंय.

पलीकडे फोडणी तडतडत होती, त्यांनी गॅस बंद केला. मग म्हणाल्या, "तुम्हाला मिळालं ना ताई? बऱ्या झाल्या ना? मग माझ्याच टायमाला कसं खरं बोलायचं सुचलं?"

होतंच ते तसं. त्यानंतर मी केलेले फोन त्यांनी उचलले नाहीत.

मी रोज हिशेब मांडायचे, डोक्यातल्या डोक्यात. बोलले नसते तर त्यांना जास्तीचा डोस अंधारात मिळाला असता. बोलले तर त्यांची गाठ वाढतेय आणि औषध फ्रीजमध्ये आहे. आमच्याकडे संशय आला की लॉट होल्ड करतात, लाल टॅग लावून बाजूला. लोखंडाचं काही जात नाही, ते पडून राहतं. माणसाला होल्डवर ठेवलं तर त्याचा आजार थांबत नाही. ज्याने हा नियम केला त्याला दोष द्यावा असंही नाही, नियम बरोबरच आहे. पण मला रात्री झोप लागायची नाही आणि दिवसा खुर्चीत बसवायचं नाही.

*

सहा आठवड्यांनी माझी तपासणी होती. त्याच बाकावर पुष्पाताई, शेजारी त्यांचे मिस्टर. कुंकू तेवढंच ठसठशीत, पण चेहरा उतरलेला, आणि मानेवरची गाठ आता लिंबाएवढी. मी परत फिरणार होते. त्यांनी हातानेच बोलावलं.

त्यांच्या मांडीवर नवीन कागद होते. पान सातवर बोट. नवीन ओळ घातली होती, 'आधीच्या एका सहभागी व्यक्तीला घरी गेल्यानंतर दोन दिवस ताप व भ्रम होता व तो वेळेवर कळवला गेला नाही. म्हणून आता सहभागींना अठ्ठावीस दिवस हॉस्पिटलजवळ राहावे लागेल व सोबत सतत एक व्यक्ती लागेल.' त्यांचा डोसही आधी ठरलेल्यापेक्षा कमी केला होता.

"ह्या तुम्हीच ना?" त्या म्हणाल्या.

"मीच."

"कागदावरलं ऱ्हाऊ द्या. मला नीट सांगा. भ्रम म्हंजे काय होतं?"

मी सांगितलं. थंडी कशी भरली, आकडा कसा खोडवला नाही, दूध, लायटर, मिलिंदचं नाव. भीती वाटली नाही हेच किती भीतीदायक आहे, तेही सांगितलं, कारण डोकंच जाग्यावर नसतं, घाबरणार कोण? काही लपवलं नाही. त्यांचे मिस्टर मधेच म्हणाले, "जाऊ दे ना पुष्पा, कशाला ऐकतीस?" त्यांनी त्यांना गप्प केलं. "मी ऐकणार. माझं अंग हाय."

मग स्नेहल बोलवायला आली. मी म्हटलं, मी आत बसू का यांच्याजवळ? ती म्हणाली, "नाही हो, तुम्ही ट्रायलमधल्याच, कॅमेऱ्यासमोर चालणार नाही." त्या दोघी आत गेल्या. मधे नुसतं प्लायवूडचं पार्टिशन आहे. मी बाहेर उभी राहिले.

मॅडमचा आवाज आला, सावकाश, नेहमीसारखा. "पान सातवरची नवीन माहिती तुम्हाला समजली का? तुमच्या शब्दांत सांगा."

"समजली. माझ्या आधीच्या बाईला ताप आला, तिनं लपिवला. मग तिनंच सांगितलं. मला ताप आला तर मी पहिल्या घटकेला बोंब मारणार, हे बी लिवून घ्या."

"आणखी काही विचारायचंय? काही सांगायचंय?"

"सांगायचंय. तिच्या सांगण्यानं मला दीड महिना उशीर झाला. त्याचा मला राग हाय. अजून बी हाय. तेवढं त्या फॉर्मात लिवा."

"पुष्पाताई, फॉर्ममध्ये त्याला जागा नाहीये हो."

"मग नुसतं ऐकून ठिवा. आना ते पेन."

पार्टिशनच्या अलीकडे मीही ऐकून ठेवलं.